डाव्या पुढच्या पायाचा टेंडन, उजव्या मागच्या पायाची वाटी : एका घोड्याचं पुनर्वसन

नऊ वर्षांचा खच्ची घोडा, वजन 520 किलो, काम शो जंपिंगचं. पावसाने जड झालेल्या मैदानावर फेरी पूर्ण करून आला, तेव्हा कुणालाच काही वावगं दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खरारा करताना मोतद्दाराच्या हाताला डाव्या पुढच्या पायाची नळी मागच्या बाजूने गरम लागली. बघता बघता तिथे फुगवटा आला. चालवून पाहिला तर लंगडतोय असं म्हणवत नव्हतं. दुडकीत मात्र डावा पाय टेकला की डोकं वर जात होतं. शून्य ते पाचच्या मोजपट्टीवर पशुवैद्यांनी त्याला तीन दिले.

पुष्कळ लोक इथेच फसतात. घोडा फार लंगडत नाही, म्हणजे मार फार नाही, असं वाटतं. टेंडनच्या, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या धाग्यांच्या जुडग्याच्या, बाबतीत हा हिशेब चालत नाही. मधले धागे बऱ्यापैकी तुटलेले असतानाही घोडा पंधरवड्यात सरळ चालायला लागतो. पुढे या प्रकरणात आमची खरी कसोटी लागली ती याच गोष्टीमुळे.

नवव्या दिवशी सोनोग्राफी झाली. टेंडनची पहिली सोनोग्राफी मुद्दामच आठवडाभर थांबून करतात, कारण सुरुवातीच्या दिवसांत इजा वाढत जाते आणि घाईने काढलेलं चित्र खोटी आशा देतं. नळीच्या मध्याच्या जरा खाली, वरच्या फ्लेक्सर टेंडनच्या (पाय दुमडणाऱ्या, नळीमागच्या दोन टेंडनपैकी त्वचेजवळच्या) गाभ्यात काळा डाग होता, म्हणजे तिथले धागे तुटलेले होते. टेंडनच्या आडव्या छेदाचा सुमारे पाचवा भाग त्याने व्यापला होता आणि लांबी सात सेंटिमीटर होती. टेंडनचं एकूण क्षेत्रफळ 1.4 चौरस सेंटिमीटर भरलं. चांगल्या उजव्या पायात त्याच जागी ते 1.0 होतं.

हा टेंडन एवढा का सोसतो, हे समजल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. घोड्याच्या वजनाचा साधारण 60 टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. गुडघ्याखाली जवळपास स्नायू नाहीतच. आहेत ते टेंडन आणि अस्थिबंध. भरधाव घोड्याचा एक पुढचा पाय शरीराच्या वजनाच्या अडीच पट भार क्षणभर एकटा पेलतो. त्या क्षणी फेटलॉकचा, म्हणजे नळीच्या खालच्या टोकाचा, सांधा जमिनीकडे दबतो आणि वरचा फ्लेक्सर टेंडन 16 टक्क्यांपर्यंत ताणला जातो. बारा ते वीस टक्क्यांच्या दरम्यान तो तुटू शकतो, म्हणजे निरोगी घोडासुद्धा रोज धोक्याच्या काठावरच धावत असतो. भरीला, ताणून सुटण्याच्या या क्रियेत गाभ्यात उष्णता साठते. धावत्या घोड्याच्या टेंडनच्या गाभ्यात 45 अंश सेल्सियस तापमान मोजलं गेलं आहे. रक्तपुरवठा मुळातच कमी, त्यामुळे ती उष्णता वाहून जात नाही. जुना दोरखंड बाहेरून धड दिसतो आणि आतून पीळ सुटलेला असतो, तशीच टेंडनच्या गाभ्याची गत होते.

अंग तपासताना

फिजिओथेरपीसाठी हा घोडा माझ्याकडे आला तो पशुवैद्यांच्या निदानासह, त्यांच्याच सांगण्यावरून. या कामात तोच क्रम असावा, असं माझं ठाम मत आहे. निदान त्यांचं, भाराचं नियोजन दोघांचं मिळून, आणि व्यायाम माझे.

दुखरा पाय मी शेवटी पाहते. आधी घोडा मोकळ्या सपाट जागेवर चारी पायांवर उभा करायचा, मागे सुरक्षित अंतरावर जायचं आणि नुसतं बघायचं. उजवं पुठ्ठं डाव्यापेक्षा चपटं होतं. शेपूट किंचित डावीकडे झुकलेली. पाठीवरून हात फिरवला, तर खोगिराच्या मागच्या टोकाखाली उजव्या बाजूचे स्नायू बोटाखाली आखडून थरथरले. लवचीक पट्टी पाठीवर आडवी दाबून तिचा आकार कागदावर उतरवला, तेव्हा उजवी बाजू सरळ खाली उतरलेली दिसली आणि डावी भरलेली.

हे सगळं दहा-बारा दिवसांत होत नाही. पुठ्ठ्यावरचं मांस इतकं उतरायला महिने लागतात. म्हणजे डाव्या पुढच्या पायाच्या आधी उजव्या मागच्या पायाचं काहीतरी बिघडलेलं होतं.

दुडकी बंद होती, त्यामुळे चाल बघूनच काय ते ओळखायचं होतं. ठाणातून बाहेर काढताना पहिल्या दोन पावलांना उजवा मागचा पाय जरा उशिरा सुटत होता. एक बारीकसा झटका बसायचा आणि मग पाय पुढे यायचा. चार पावलांनंतर काहीच नाही. मोतद्दार म्हणाला, "तसं तो थंडीत करतो कधीकधी, अंग आखडतं त्याचं." मी नालबंदांना विचारलं, की मागच्या वेळी काढलेले नाल आहेत का? सुदैवाने भंगाराच्या टोपलीत होते. चौघांत उजव्या मागच्या पायाचा नाल लगेच ओळखू आला. त्याची पुढची कड घासून धारेसारखी पातळ झाली होती. बाकीच्या तिघांची झीज सारखी होती. घोडा तो पाय नीट उचलत नव्हता, टापेचं टोक घासत नेत होता, आणि हे निदान एक नालबंदी टिकेल इतके दिवस चाललं होतं.

मग खोगीर मागवलं. उलटं करून दोन्ही गाद्या दाबून पाहिल्या. उजवी गादी बसलेली, डावी फुगीर. मालकीणबाईंना विचारलं, खोगीर एका बाजूला सरकतं का? त्या म्हणाल्या, "उजवीकडे सरकतं. गेले कित्येक महिने. मला वाटायचं मीच वाकडी बसते." खोगीर सतत एका बाजूला सरकत असेल, तर स्वाराची बैठक तपासण्याआधी घोड्याचे मागचे पाय तपासावेत. मागचा पाय दुखरा किंवा कमजोर असेल, तर खोगीर बहुधा त्याच बाजूला सरकतं.

आता दुडकीचं गणित बघा. दुडकीत कर्णरेषेतले दोन पाय एकत्र टेकतात : उजवा मागचा आणि डावा पुढचा, मग डावा मागचा आणि उजवा पुढचा. उजवा मागचा पाय त्याचा वाटा उचलत नसेल, तर घोडा त्या क्षणी अंग पुढे टाकतो आणि जोडीदार डाव्या पुढच्या पायावर जादा भार येतो. प्रत्येक पावलाला थोडासाच. पण महिनोन्‌महिने. उडी मारून उतरताना तर जास्तच. ओल्या, जड मैदानाने शेवटचा घाव घातला, पण तो बसला आधीच झिजत आलेल्या टेंडनवर, असंच मी या प्रकरणाकडे बघते.

पशुवैद्यांनी उजव्या मागच्या गुडघ्याचे एक्सरे आणि सोनोग्राफी केली. सांध्यात बिघाड नव्हता. गुडघ्याची वाटी उशिरा सुटत होती. घोडा उभ्या उभ्या झोपू शकतो तो याच वाटीच्या जोरावर : मांडीच्या हाडाच्या आतल्या कडेवर ती अडकवून ठेवली, की पाय फारसे कष्ट न करता सरळ राहतो. चालायला लागताना मांडीचा पुढचा मोठा स्नायू वाटी उचलून कडेवरून सोडवतो. तो स्नायू कमजोर असेल, तर सोडवायला उशीर होतो. उपाय? स्नायू कमवायचा. चढ, आडवे ठेवलेले पोल, नियमित काम. आणि या तक्रारीसाठी सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे ठाणात उभं ठेवणं.

इथे पेच पडला. टेंडनला बंद ठाण आणि मोजून दिलेली चाल हवी होती, तीही कित्येक महिने. वाटीला काम हवं होतं, नाहीतर ती आणखी अडकणार होती. फक्त टेंडन सांभाळला असता, तर वर्षभराने बऱ्या झालेल्या पुढच्या पायावर पहिल्यापेक्षाही कमजोर मागच्या पायाचा भार टाकून आम्ही घोडा मैदानात पाठवला असता. टेंडनची दुखापत उलटते याची पुष्कळ कारणं आहेत. जखमेच्या जागी तयार होणारी ऊती मूळ टेंडनइतकी लवचीक कधीच होत नाही, हे तर आहेच. पण दुखापतीमागचं कारण जागच्या जागी राहतं, हेही एक मोठं कारण असतं आणि त्याच्याकडे फार कमी लक्ष जातं.

पहिले आठवडे

सुरुवात नेहमीचीच. दिवसातून काही वेळा पंधरा-वीस मिनिटं गार पाणी आणि बर्फ, आधाराचं बँडेज, पशुवैद्यांनी दिलेली दाहशामक औषधं. बँडेज दोन्ही पुढच्या पायांना, कारण चांगला पायही आता दीड पायाचा भार वाहत होता. त्या चांगल्या पायाच्या टापेची उष्णता आणि फेटलॉकमागची नाडी मोतद्दार रोज बघायचा. एका पायाची दुखापत सांभाळताना दुसऱ्या पायाच्या टापेला दाह होऊन घोडा हातचा जाऊ शकतो. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, जवळपास बंद केली आणि वाळलेलं गवत वाढवलं. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, त्यामुळे ठाणातल्या घोड्याला गवताविना तासन्‌तास ठेवणं म्हणजे अल्सरला आमंत्रण. कोरड्या वजनाने अंगाच्या वजनाच्या दीड टक्का, म्हणजे या घोड्याला रोज सुमारे आठ किलो गवत, बारीक जाळीतून, दिवसभर पुरेल असं.

तिसऱ्या आठवड्यात पशुवैद्यांनी घोड्याच्याच रक्तातून काढलेला प्लेटलेटयुक्त प्लाझ्मा जखमेत टोचला. त्याच आठवड्यापासून हातात धरून चालवणं सुरू झालं : सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं, सपाट आणि टणक जमिनीवर, सरळ रेषेत. खोल वाळू वर्ज्य. मऊ म्हणून ती बरी वाटते, पण तिच्यात पाय रुततो आणि टेंडनला जास्त काम पडतं.

टापेबद्दलही बोलणं झालं. मालकीणबाईंना कुणीतरी सांगितलं होतं, की टाच उंच करणारा नाल लावला की टेंडनला आराम पडतो. तो आराम पडतो खालच्या, खोल फ्लेक्सर टेंडनला. वरच्या टेंडनचा ताण त्याने कमी होत नाही, उलट वाढण्याचीच भीती. नालबंदांनी पुढच्या टापा फक्त समतोल केल्या. मागच्या टापांची वाढलेली टोकं मात्र आखूड करून गोल केली, म्हणजे उजवा पाय जमिनीवरून लवकर उलटेल.

उभ्या घोड्याचा व्यायाम

या प्रकरणातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग हाच. टेंडनला न दुखवता मागचा भाग कमवायचा, म्हणजे घोडा हलवल्याशिवाय त्याचे स्नायू जागे करायचे.

पहिला व्यायाम शेपटीचा. घोड्याच्या उजव्या मागच्या पायाजवळ, त्याच्याकडे तोंड करून उभं राहायचं. दोन्ही मागचे पाय जमिनीवर सारखे टेकलेले हवेत. शेपूट मुळाच्या जरा खाली धरायची आणि हळूहळू आपल्याकडे ओढायची, झटका अजिबात नाही. तोल जाऊ नये म्हणून घोडा विरुद्ध ओढ घेतो. त्याच वेळी मांडीवर, वाटीच्या वर बघितलं, तर स्नायू टरारून वर आलेला दिसतो. पाच ते दहा सेकंद धरायचं, मग तितक्याच हळू सोडायचं. सोडणं धरण्याइतकंच महत्त्वाचं. एकदम सोडलं तर घोडा डगमगतो आणि दुसऱ्या दिवशी शेपटीला हातच लावू देत नाही. सुरुवातीला उजव्या बाजूला तीन वेळा ओढलं, की मांडी थरथरू लागायची. डावी बाजू आरामात दहा वेळा निघायची. हा फरक मोतद्दाराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि तिथून पुढे एकही दिवस त्याला आठवण करावी लागली नाही.

दुसरा, पुठ्ठ्यांवरून शेपटीच्या दोन्ही बाजूंनी बोटांनी खाली रेघ ओढायची. घोडा कंबर आत घेतो आणि पाठ वर उचलतो. तिसरा, छातीच्या खाली, खोगिराचा पट्टा बसतो तिथे बोटांनी दाबून पाठीचा पुढचा भाग उचलायला लावायचा. घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं. त्याचा छातीचा पिंजरा दोन्ही पुढच्या पायांच्या मध्ये फक्त स्नायूंच्या झोळीत लटकलेला असतो. ही झोळी ढिली पडली, की अख्खं अंग पुढे कोसळल्यासारखं चालतं आणि तो भार शेवटी टेंडनवरच येतो.

चौथा, गाजर दाखवून मान वळवायला लावणं. 2011 मध्ये स्टब्स, क्लेटन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ घोड्यांकडून हे व्यायाम तीन महिने, आठवड्यातून पाच दिवस, प्रत्येकी पाच वेळा करून घेतले होते. कण्याला लगटून असलेला मल्टिफिडस हा स्नायू त्याने मोजण्याइतका जाड झाला. स्वार नाही, धावणं नाही, घोडा जागेवर उभा. ठाणात अडकलेल्या घोड्यासाठी याहून योग्य काय असणार? आम्ही एक बदल केला. हनुवटी छातीला, हनुवटी पट्ट्याकडे, हनुवटी कुशीकडे, एवढेच प्रकार ठेवले. फेटलॉकपर्यंत खाली वाकण्याचा प्रकार पुढच्या पायांवर भार टाकतो, म्हणून तो बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीपर्यंत बाजूला ठेवला. गाजर हिसकावून घ्यायला दिलं तर व्यायाम होतच नाही. घोड्याने मान तिथे नेऊन काही सेकंद धरली पाहिजे.

सहाव्या आठवड्यापासून दोन-तीन पावलं मागे चालवणं सुरू केलं. मागे चालताना घोडा कंबर दुमडतो आणि मागच्या पायांना वाकून काम करावं लागतं. पुढे जमिनीवर सपाट पोल आले, मग बारीक चढ. चढताना भार मागे जातो, हे आम्हाला हवंच होतं. पण चढलेला घोडा उतरावा लागतोच, आणि उतारावर सगळं वजन पुढच्या पायांवर येतं. म्हणून चढाची वाट अशी निवडली, की परतताना लांबून, जवळपास सपाट रस्त्याने येता येईल. कार्यक्रम लिहून देणाऱ्याने ती वाट स्वतः चालून बघावी.

उजव्या मागच्या पास्टर्नला, म्हणजे फेटलॉक आणि टाप यांच्यामधल्या भागाला, हलकी साखळी बांधून पाहिली, वजन 50-60 ग्रॅम. त्वचेला स्पर्श झाला, की घोडा पाय जास्त उंच उचलतो. सुरुवातीची पावलं तर पाण्यातून चालल्यासारखी उंच पडली. पण घोडा याला फार लवकर सरावतो, म्हणून एका वेळी थोडीच पावलं आणि मग साखळी काढून टाकायची. दिवसभर बांधून ठेवली तर उपयोग शून्य.

हातांनी मालिश चालूच होतं. उजव्या खांद्याभोवतीचे आणि छातीचे स्नायू जादा भार वाहून दगडासारखे झाले होते. पाठीच्या आखडलेल्या भागाला लेझर दिला. टेंडनवर मी कुठलंच यंत्र लावलं नाही. पशुवैद्यांनी प्लाझ्मा टोचला होता; त्यापुढे टेंडनचं औषध म्हणजे मोजून दिलेला भार, हे माझं मत या प्रकरणाने आणखी पक्कं केलं. तुटलेल्या जागी आधी घाईघाईने तिसऱ्या प्रकारचं कोलाजेन भरलं जातं, ते कच्चं आणि अस्ताव्यस्त असतं. त्याची जागा मजबूत पहिल्या प्रकारच्या कोलाजेनने घ्यायला महिने लागतात. धागे ओढीच्या दिशेने लागावेत म्हणून ओढ द्यावी लागते. ती जास्त झाली तर तुटतं, आणि अजिबातच दिली नाही तर धागे वेडेवाकडे राहतात.

घोडा बरा दिसू लागला तेव्हा

आठव्या आठवड्यात चाल पस्तीस मिनिटांवर पोचली होती. पाय थंड, फुगवटा बसलेला, लंगडणं नाही. अंगात मस्ती मात्र भरपूर. मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, आता तर तो अगदी सरळ चालतोय. थोडा वेळ मोकळं सोडायला काय हरकत आहे?" प्रश्न मायेतून आलेला होता. ठाणाच्या दारातून तासन्‌तास बाहेर बघणारा घोडा रोज डोळ्यांसमोर असला, की हा प्रश्न कुणालाही पडेल. मी त्यांना नवव्या दिवसाचं चित्र पुन्हा दाखवलं आणि बाराव्या आठवड्यापर्यंत थांबू या म्हटलं. बाराव्या आठवड्यात डाग काळ्याचा करडा झाला होता, क्षेत्रफळ 1.25 वर आलं होतं, पण लांब छेदात धागे अजून तुटक आणि तिरपे दिसत होते. बाहेरून बरा झालेला पाय आतून अर्धाही बरा नव्हता. ते चित्र पाहिल्यावर त्यांनी पुन्हा तो प्रश्न विचारला नाही.

तेराव्या आठवड्यापासून चाळीस मिनिटांच्या चालीत पाच मिनिटं दुडकी मिसळली, हातात धरूनच. पंधराव्या आठवड्यात वाऱ्याने उडालेल्या ताडपत्रीला घोडा बिचकला, दोरीच्या टोकाला मागच्या पायांवर उभा राहिला आणि आपटत खाली आला. दुसऱ्या दिवशी सकाळी टेंडनच्या एका जागी किंचित ऊब होती. लंगडणं नव्हतं. सोनोग्राफी लगेच करून घेतली : 1.42. आधीच्या मापापेक्षा क्षेत्रफळ दहा टक्क्यांहून जास्त वाढलं, की पायरी खाली उतरायची, हा नियम आम्ही सुरुवातीलाच लिहून ठेवला होता. इथे वाढ साडेतेरा टक्के. दुडकी बंद झाली, चाल वीस मिनिटांवर आली, चार आठवडे.

त्या चार आठवड्यांत पशुवैद्यांनी चालवण्याआधी सौम्य शामक औषध द्यायला सांगितलं. काहींना हे पटत नाही, घोड्याला गुंगी कशाला, असं म्हणतात. मला ते दयेचं वाटतं. महिनोन्‌महिने कोंडलेल्या धडधाकट जनावराने शांत राहावं ही अपेक्षा आपली असते, आणि एका उसळीत तीन महिन्यांचं काम जाऊ शकतं. शेजारी दुसरा घोडा बांधला, गवताची जाळी दोन जागी टांगली, ठाणातले व्यायाम वाढवले. शेपटीचा व्यायाम एव्हाना दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा सारखाच निघत होता. ठाणातून बाहेर पडताना वाटीचा झटका दिसेनासा झाला होता. पुढचा पाय मागे सरकला, पण मागचा पुढे गेला.

विसाव्या आठवड्यात क्षेत्रफळ 1.26 वर परत आलं आणि दुडकी पुन्हा सुरू झाली, दर चार आठवड्यांनी पाच मिनिटांनी वाढवत.

पाण्यातलं काम

चोविसाव्या आठवड्यापासून पाण्यातली ट्रेडमिल मिळाली. पाणी वजन उचलतं हे खरं, पण किती, हे खोलीवर ठरतं. कोपराच्या हाडापर्यंत पाणी असेल, तर भार दहा-पंधरा टक्केच कमी होतो. कमरेच्या हाडापर्यंत भरलं, की सुमारे 75 टक्के. म्हणून नुसतं ‘पाण्यात चालवलं’ याला अर्थ नाही, पाणी कुठपर्यंत ते लिहिलं पाहिजे. आम्हाला दोन वेगळी कामं करून घ्यायची होती. सुरुवातीला पाणी फेटलॉकच्या वर ठेवलं, म्हणजे घोडा पाय पाण्याबाहेर काढायला सांधे जास्त दुमडतो. उजव्या मागच्या पायाला हेच हवं होतं. नंतर पाणी मांडीच्या निम्म्यापर्यंत नेलं. तिथे पाण्याच्या विरोधामुळे पाय पुढे आणायलाच ताकद लागते. वेग कमी, वेळ कमी, आणि पाठीवर सतत नजर. पाणी फार खोल झालं, की काही घोडे पाठ खाली सोडून डोकं वर काढतात. तसं दिसताच पाणी कमी करायचं.

पोहायला मात्र नेला नाही. पोहताना टेंडनवर भार शून्य असतो, म्हणून तो उपाय आकर्षक वाटतो. पण घोडा पोहतो तो पाठ ताठ करून, मागचे पाय जोरजोरात झाडत. पाठ आखडलेल्या आणि वाटी अडकणाऱ्या घोड्याला तो व्यायाम उलटा पडला असता. शिवाय भाराशिवाय टेंडन भाराला तयार होत नाही.

पाठीवर स्वार

खोगिराच्या गाद्या नव्याने भरून घेतल्या, त्याआधी पाठीचा आकार पुन्हा कागदावर उतरवला. आता दोन्ही बाजूंच्या रेषा जवळपास जुळत होत्या. अठ्ठाविसाव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली. धागे बऱ्याच भागात समांतर दिसू लागले होते. स्वारासह चाल आणि सरळ रेषेतली दुडकी सुरू झाली, मोठी वळणं नंतर. गोल फिरवण्याचं काम, म्हणजे लंजिंग, पूर्ण पुनर्वसनात एकदाही केलं नाही. छोट्या वर्तुळात आतल्या पायांवर तिरका भार येतो आणि दोरीच्या टोकाला असलेला घोडा मस्तीत आला, की हातात काही राहत नाही.

छत्तिसाव्या आठवड्यात पुन्हा चित्र, आणि मग कॅन्टर, म्हणजे संथ दौड : आधी एका मिनिटाचे तुकडे, मधे भरपूर चाल. या टप्प्यावर मालकीणबाईंना दोन गोष्टी शिकवल्या. रोज सकाळी, कामाच्या आधी, पाय उचलून, भार नसताना टेंडन बोटांच्या चिमटीत धरून वरून खाली चाचपायचा, दोन्ही पायांचा, एकाच क्रमाने. ऊब, जाडी किंवा घोड्याने पाय ओढून घेणं, काहीही वेगळं लागलं तर त्या दिवशी फक्त चाल. दुसरी गोष्ट, उतरल्यावर खोगीर काढण्याआधी मागे उभं राहून ते मध्यावर आहे का ते बघायचं. महिन्याभरातच त्यांच्या बोटांना तो टेंडन माझ्यापेक्षा चांगला कळू लागला. रोजचा हात असलेल्या माणसाला जे कळतं, ते आठवड्याने येणाऱ्याला कळत नाही, म्हणून हे शिकवण्यात घालवलेला वेळ मी उपचारातच धरते.

अठ्ठेचाळिसाव्या आठवड्यात जमिनीपासून थोडा उचललेला एकच पोल कॅन्टरमध्ये ओलांडला. उड्यांची उंची नंतरच्या दोन महिन्यांत हळूहळू वाढवली. चौदाव्या महिन्यात घोडा कमी उंचीच्या गटातून मैदानात उतरला. जमीन भिजून जड झाली असेल त्या दिवशी नाव मागे घ्यायचं, हे आधीच ठरलं होतं आणि पहिल्या हंगामात तसं दोनदा केलंही.

शेवटच्या सोनोग्राफीत क्षेत्रफळ 1.15 होतं. ते 1.0 वर येईल अशी अपेक्षा मी ठेवत नाही. जुन्या जखमेची जाडी थोडी राहते, आणि नळीवर हात फिरवला तर ती लागतेही. घोडा आधीच्या उंचीवर परत जाईल का, यावर पशुवैद्य आणि मालकीणबाई यांचं बोलणं चालू आहे. एक उंची कमी ठेवून आणखी काही वर्षं काम करावं, असं मी सुचवलं आहे. शेपटीचा आणि गाजराचा व्यायाम आठवड्यातून पाच दिवस चालू आहे, चढाची वाट आठवड्यातून दोनदा. नालबंद दर वेळी उजव्या मागच्या पायाचा काढलेला नाल बाजूला ठेवतात. गेल्या खेपेला चारही नालांची झीज सारखी होती.